सांगून ठेवलेली सीट

सारसोळे गावचे ग्रामस्थ, नेरूळ-जुईनगरच्या सेक्टरांमधून आलेले श्रोते आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या मावश्यांनो, आत्यांनो.

विषय कळवला तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने मला फोन केला आणि फार अदबीने विचारलं, "मॅडम, स्मृतिव्याख्यान आहे हो. सीटवर तासभर बोलणार?" त्याचं काही चुकलं नाही. या व्यासपीठावरून संतसाहित्यावर बोललं जातं, राज्यघटनेवर बोललं जातं. आणि ही बाई लोकलच्या बाकड्यावर बोलणार! पण मघाशी मी सभागृहात आले, तेव्हा चौथ्या रांगेत तीन खुर्च्यांवर एक पिशवी, एक ओढणी आणि एक चष्म्याचं घर बसलेलं होतं. माणसं बाहेर चहा पीत होती. तेव्हा विषय अगदीच परका नसावा. (हशा)

आपण नेहमी काय म्हणतो? लोकांना शिस्त नाही. लोकांना रीत नाही. गाडीत शिरले की माणसं जनावरं होतात. हे वाक्य मी शेकडो तोंडून ऐकलंय. आज मला बरोबर उलटं सांगायचंय. आपल्या लोकलमध्ये रीत कमी नाही, रीत फार आहे. इतकी बारीक, इतकी पक्की रीत आहे, की नव्या माणसाला ती शिकायला वर्ष लागतं. आपला त्रास रीत नसल्याचा नाही. ती रीत कोणासाठी आहे, याचा आहे. माझं म्हणणं एवढंच, आणि बाकीचा वेळ मी त्याच्या खटपटीत घालवणार आहे.

आधी आपली लाइन. हार्बर लाइनला कोणी गरिबाची लाइन म्हणतात, कोणी त्याहून वाईट काही म्हणतात. पण देशातली पहिली विजेची गाडी धावली ती हार्बरवरच. ३ फेब्रुवारी १९२५, बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत. शंभर वर्षं होऊन गेली. खाडी ओलांडून ती आपल्याकडे यायला मात्र १९९२ साल उजाडलं. मानखुर्दहून निघालेली लोकल पुलावरून वाशीला आली आणि तिथेच थांबली. वाशी शेवटचं स्टेशन. गाडी रिकामी व्हायची आणि वाशीकर ऐटीत खिडकीपाशी बसायचा. मग १९९३ मध्ये रूळ नेरूळला आले, बेलापूरला आले. १९९८ मध्ये पनवेलला पोचले. आता बघा काय झालं. प्रत्येक वाढीबरोबर सीट एकेक स्टेशन मागे सरकली. वाशीकराची खिडकी नेरूळकराकडे गेली, नेरूळकराची बेलापूरकराकडे, आणि शेवटी सगळ्या खिडक्या पनवेलकराच्या झाल्या. कोणी कोणाचं काही हिसकावलं नाही, पण प्रत्येकाला आपलं काहीतरी गेलं असंच वाटत राहिलं. वाशीची जुनी माणसं अजून पनवेल गाडीकडे त्याच नजरेने बघतात.

मग लोकांनी युक्त्या काढल्या. नेरूळला उभा राहणारा माणूस आधी उलटा पनवेलला जाऊ लागला आणि तीच गाडी पकडून बसून परत येऊ लागला. पास पनवेलपर्यंतचा, प्रवास जवळजवळ दुप्पट, झोप कमी, पण बूड टेकलेलं. यांना 'रिटर्न येणारे' म्हणतात. आणि पनवेलला दोन तास आधी उठून रांगेत उभा राहणारा माणूस चढून बघतो, तर गाडी आधीच अर्धी भरलेली! त्याने काय म्हणावं? रिटर्नवाल्याकडे पास आहे, तो नियम मोडत नाही. तरी पनवेलकराच्या पोटात दुखतं, आणि ते दुखणं खोटं नाही.

अजून एक बाब, जी सारसोळ्यात सांगायची गरज नाही, पण सेक्टरांतून आलेल्यांसाठी सांगते. ही लाइन बांधायच्या खर्चातले साधारण दोन वाटे सिडकोने उचलले आणि एक वाटा रेल्वेने. त्यापायी कितीतरी वर्षं आपल्या तिकिटावर सिडकोचा अधिभार होता. सिडकोकडे पैसा कुठून आला? जमिनी विकून. आणि जमिनी कोणाच्या? ठाणे-रायगडच्या ९५ गावांच्या. त्यात हे गाव आहे. म्हणजे गाडीत कोण बसलंय आणि कोण उभं आहे, हा प्रश्न इथे विचारला की त्याला जरा वेगळी धार येते. ती मी नंतर काढणार आहे.

आता डब्यात चढू या.

लोकलच्या दुसऱ्या वर्गाचं बाकडं तिघांसाठी केलेलं. त्यावर चौघं बसतात. चौथा बसतो म्हणजे काय करतो? अर्धी मांडी बाकावर, अर्धी हवेत. एक पाय वाटेत तिरका रोवलेला. हात समोरच्या बाकाच्या दांड्यावर, कारण गाडीने ब्रेक लावला तर पहिला खाली जाणार तोच. "जरा सरकता का?" एवढे तीनच शब्द, आणि तिघंही काही न बोलता सरकतात. हे रेल्वेच्या कुठल्याही पुस्तकात नाही. कोणी म्हणालं की "ही तिघांची सीट आहे," तर कायद्याने त्याचं बरोबरच आहे. पण तसं म्हणून बघा एकदा! अख्खा डबा तुमच्याकडे अशा नजरेने बघेल, की पुढच्या स्टेशनला उतरून जावंसं वाटेल. आणि हेच चौथ्या सीटचं मागणं फर्स्ट क्लासमध्ये कराल तर उलटी नजर झेलाल. तिथे तीन म्हणजे तीन. तीच रेल्वे, तेच शहर, मधे एक पत्र्याची भिंत, आणि दोन्हीकडे दोन वेगळी शास्त्रं.

बायकांच्या डब्यात तर या शास्त्राची परिसीमा. मी ज्या डब्याने गेले त्याचीच भाषा सांगते.

"कुठे उतरणार?"

"चेंबूर."

"कोणाला सांगितलीय?"

"हो, त्या निळ्या ड्रेसवाल्या ताईंना."

"त्या कुठे?"

"वडाळा."

"मग त्यांच्यानंतर मी हां."

झालं. एका सीटवर दोन माणसांचं नाव लागलं. निळ्या ड्रेसवाल्या ताई तीन बाया पलीकडे उभ्या आहेत, त्यांनी नुसती मान डोलावली. लिहिलेलं काही नाही, साक्षीदार सगळा डबा. आणि शंभरातल्या नव्वद वेळा हे पाळलं जातं. दोन बाकांच्या मधे जी उभी आहे तिचा त्या बाकांवर हक्क, वाटेत जी उभी आहे तिचा नाही, हेही ठरलेलं. रोजच्या ग्रुपमध्ये तर अर्ध्या रस्त्यात बसलेली आपणहून उठते आणि उभीला बसवते. कोणी शिकवलं हे? बसमध्ये निदान कंडक्टर असतो. आपली एनएमएमटी १९९६ पासून धावतेय. महिलांच्या राखीव सीटवर कोणी बाप्या बसला की कंडक्टर मागून ओरडतो, "उठा हो काका, लेडीज सीट आहे." लोकलमध्ये ओरडायला कोण आहे? टीसी येतो तो तिकीट बघायला, बसण्या-उठण्याचे तंटे सोडवायला नाही. म्हणून डब्याने आपला कायदा आपण केला. मला याचं कौतुक आहे, आणि ते मी मोकळेपणाने करते.

पण हा कायदा नेमका आहे कसा? सारसोळ्यात उभं राहून सांगायचं तर सातबाऱ्याच्या भाषेतच सांगितलेलं बरं, इथे ती पोराटोरांनाही कळते. सीटची मालकी रेल्वेची. तिकीट काढणारा कूळ. बसलेल्या माणसाची वहिवाट. 'सांगून ठेवणं' म्हणजे वारसनोंद, उठणाराच ठरवणार माझ्यामागे कोण. आणि सीटला खेटून उभा असलेला म्हणतो, मी प्रत्यक्ष जागेवर आहे, कब्जा माझा. एरवी वारस आणि कब्जेदार एकच असतात, म्हणून तंटा होत नाही. ज्या दिवशी ते दोन वेगळे निघतात, त्या दिवशी काय होतं?

ऑक्टोबर २०२२. आपलीच ट्रान्सहार्बर, ठाणे–पनवेल लोकल. बायकांचा डबा. तुर्भ्याला एक सीट रिकामी झाली. एकीने ती दुसरीला द्यायला बघितली, तिसरी म्हणाली मी घेणार. आधी शब्द, मग केस, मग हात. घरातल्या बायका घरातल्यांच्या मदतीला आल्या. सोडवायला गेलेल्या महिला पोलिसाचं डोकं फुटलं. वाशी रेल्वे पोलिसांत गुन्हा दाखल झाला. कोणीतरी मोबाइलवर काढलेली चित्रफीत देशभर फिरली, टीव्हीवर दाखवली गेली. आणि सगळे काय म्हणाले? बघा, बायकांना अक्कल नाही. बघा, शिस्त नाही.

मी ती बातमी वाचली तेव्हा मला दिसली ती वारस आणि कब्जेदार यांची गाठ. देणारी म्हणते, मी जिला देईन तिची. घेणारी म्हणते, रिकामी झाली म्हणजे सगळ्यांची. दोघींच्या मते दोघीही नियमानेच चालल्या होत्या! भांडण असं इरेला पेटतं ते अशाच वेळी. ज्याला आपण चुकतोय हे मनातून माहीत असतं, तो इतका त्वेषाने भांडत नाही. डोकं फोडण्यापर्यंत मजल जाते ती हक्काच्या खात्रीने. म्हणजे मी त्या मारामारीची वकिली करतेय असं समजू नका. पोलिसाचं डोकं फुटलं, त्याला माफी नाही. पण त्यावर 'शिस्त नाही' एवढंच निदान केलं तर औषध चुकेल.

आणि या तंट्यात तिसरा दावा कुठे आहे? वारस झाला, कब्जेदार झाला. गरजू कुठे आहे? जिचे पाय सुजलेत, जिला पाचवा महिना आहे आणि अजून दिसत नाही, जिची कालच केमो झाली, तिचं नाव कुठल्या रकान्यात लावायचं? या सातबाऱ्यात तो रकानाच नाही. ती आली तर तिने मागायचं. मागायचं म्हणजे पन्नास अनोळखी बायकांसमोर आपलं दुखणं उघडं करायचं. आणि मागितल्यावर उत्तर येणार, "सांगितलीय हो."

त्या दोन शब्दांत आपला सगळा कायदा आला. त्यात दुष्टपणा नाही. सीट खरंच सांगितलेली असते. शब्द दिलाय, तो पाळायचाय. ओळखीच्या माणसाला दिलेला शब्द पाळण्यासाठी अनोळखी माणसाला उभं ठेवायचं, आणि वर आपण शब्दाला जागलो याचं समाधान! मी हे दारावरच्या टोळक्याबद्दल बोलत नाही, ज्याच्यावर लेख येतात. पुढच्या रांगेतल्या, मागच्या रांगेतल्या, तुमच्या-माझ्यासारख्या सज्जन माणसांबद्दल बोलतेय.

दारावरचं टोळकंही तेच करतं, फक्त ओरडून. त्यांच्यात आपापसात केवढा जीव असतो! वाढदिवसाला वडापाव येतो, दसऱ्याला डब्याला तोरण लागतं, कोणी आजारी पडला तर घरी जाऊन येतात, भजनं रंगतात. आणि मधल्या स्टेशनवर चढणाऱ्या परक्याला तेच हात आत घेत नाहीत. पश्चिम रेल्वेवर विरारच्या गाडीत बोरिवलीकराचं काय होतं, ते मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे. कायदा आहे का? आहे. रेल्वे कायदा १९८९, कलम १५५. राखीव नसलेल्या डब्यात शिरणाऱ्या दुसऱ्या प्रवाशाला अडवलं, तर दंड. किती? दोनशे रुपयांपर्यंत. दोनशे! दादरला उतरून दोघांनी नाश्ता केला तर तेवढे जातात. बायकांच्या डब्यात घुसलेल्या पुरुषाला कलम १६२ खाली पाचशेपर्यंत. आणि प्रत्येक गाडीत बायकांसाठी वेगळी जागा ठेवलीच पाहिजे, हे कलम ५८ सांगतं. तेव्हा बायकांचा डबा ही मेहेरबानी आहे असं जर कोणा काकांना वाटत असेल, तर त्यांनी ते कलम वाचावं.

मेहेरबानीवरून एसटी आठवली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट. आणि लगेच बोलणं कानावर यायला लागलं, "अर्ध्या तिकिटात अख्खी सीट अडवतात." बोलणारे कोण? ज्यांनी आयुष्यभर खिडकीतून रुमाल टाकून सीट धरली ते! रुमाल काय, टोपी काय, वर्तमानपत्र काय, मी तर खिडकीतून पोरगं आत सोडलेलं पाहिलंय. पोरगं बाकावर आडवं पसरायचं आणि बाप दारातून आरामात यायचा. स्टँडवर रांगेत पुढे उभी असलेली म्हातारी मात्र पाठीमागे राहायची. सरकारने अर्ध्या तिकिटाचा हिशेब सरकारच्या तिजोरीतून केलाय, तुमच्या मांडीतून नाही. असो. एसटीवर बोलायला लागले तर रात्र होईल.

आता जरा मागे जाऊ, कारण हा अनोळखी माणसाचा प्रश्न आपल्याकडे साधा नाही.

आपल्या समाजात अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून बसायची वेळ पहिल्यांदा कधी आली? गावात नाही. पंगतीत नाही. देवळात तर नाहीच. ती आली रेल्वेच्या तिसऱ्या वर्गात. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली, आणि पुढे जे डबे झाले ते तिकिटाच्या दराप्रमाणे झाले. शेजारी कोण बसणार, हे जातीने ठरेना. लोकांना ते किती झोंबलं असेल, कल्पना करा.

आणि गाडीतून उतरलं की? १९०१ साली भीमराव नावाचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा घरातल्या मुलांबरोबर साताऱ्याहून निघाला. वडील खटाव तालुक्यात नोकरीवर. पोरांनी नवे कपडे केलेले, पहिलाच आगगाडीचा प्रवास. गाडीत कोणी विचारलं नाही. मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला आलेलं कोणी दिसेना. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, कोण कुठले विचारलं. महार, असं कळल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. बाहेर बैलगाड्या उभ्या. एकही गाडीवान मुलांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तेही कसा? गाडी मुलांनी हाकायची, आणि तो बाजूने पायी चालणार. स्वतःच्या गाडीत स्वतः बसणार नाही, पण त्यांच्या शेजारी बसायचं नाही! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही हकीकत पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत स्वतः लिहून ठेवली.

मी ही गोष्ट तुम्हाला गहिवर यावा म्हणून सांगत नाहीये. नीट बघा, त्या दिवशी त्या मुलाला बसायला जागा कुठे मिळाली? जिथे कोणी 'तू कोण' विचारलं नाही तिथे. आणि कुठे नाकारली? ओळख विचारल्यावर. तेव्हा जागा देताना ओळख लागू नये, ही गोष्ट आपण फार मोल मोजून कमावलेली आहे. लोकलच्या बाकड्यावर चौथ्या सीटला आडनाव विचारत नाहीत, आणि ही लहान गोष्ट नाही. मग त्याच बाकड्यावर आपण 'आपल्या ग्रुपची', 'आपल्या स्टेशनची' असं दुसऱ्या दाराने तेच का आत आणतोय?

गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लेख लिहिला. मुंबईहून मद्रासला निघाले होते. २२ जणांच्या डब्यात एका रात्री बहुतेक वेळ ३५ माणसं होती. रेल्वेला त्यांनी चांगलं फैलावर घेतलं. पण सहप्रवाशांच्या थुंकण्याबिंकण्याच्या सवयींनाही सोडलं नाही. दोन्ही एकाच लेखात! आपल्याकडे आता वाटणी झालीय. निम्मे म्हणतात सगळा दोष रेल्वेचा, निम्मे म्हणतात सगळा दोष लोकांचा.

रेल्वेचा दोष आहेच, आणि तो मोठा आहे. नऊ डब्यांच्या गाडीची सोय साधारण सतराशे माणसांची, आणि गर्दीच्या वेळी त्यात साडेचार-पाच हजार माणसं. आपल्या हार्बरला बारा डब्यांच्या गाड्या यायला २०१६ उजाडलं. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली. चार जण त्याच दिवशी गेले. पाठीवरच्या पिशव्या एकमेकांना घासल्या, असं तेव्हा सांगण्यात आलं. पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी हे खरंच आहे, मी रोज सांगते. पण माणूस दाराबाहेर लटकलेला असताना पिशवीला आरोपी करणं बरं दिसत नाही. तिथे रीतभात शिकवायला जाऊ नये. तिथे गाड्या वाढवाव्यात, दारं बंद होणारी करावीत.

मग काही जण म्हणतात, बघा, तुम्हीच म्हणता गर्दीचा प्रश्न आहे. गर्दी कमी करा, माणसं आपोआप नीट वागतील. खरंच? दुपारी दीडची पनवेलहून येणारी गाडी बघितलीय का? निम्मा डबा रिकामा. समोरच्या बाकावर चपलांसकट पाय पसरलेले. शेजारच्या सीटवर बॅग, तिच्या शेजारी जेवणाची पिशवी. मोबाइलवर मालिका मोठ्या आवाजात. शेंगदाण्याची टरफलं खाली. आणि चढणारी बाई विचारते, "इथे कोणी आहे का?", तर वर न बघता उत्तर, "येतायत." कोण येतंय? जुईनगर गेलं, सानपाडा गेलं, वाशी गेलं, कोणी येत नाही. जागा भरपूर असताना हे चालतं. आणि सकाळी पावणेनऊला श्वास घ्यायला जागा नसते, तिथे एक अनोळखी बाई दुसरीचं पोर मांडीवर घेऊन बसते. तेव्हा जागा वाढली की माणुसकी वाढते, हा हिशेब मला तरी जमलेला नाही.

बाहेरच्या लोकांनी काय केलं? दोनच उदाहरणं देते, कारण परदेशाच्या गोष्टी ऐकून आपल्याकडे कोणी सुधारत नाही. जपानने १५ सप्टेंबर १९७३ ला, त्यांच्याकडच्या ज्येष्ठांचा मान करण्याच्या दिवशी, टोकियोच्या चुओ मार्गावर म्हाताऱ्यांसाठी वेगळ्या रंगाच्या सीट ठेवल्या. लंडनने २००५ पासून गरोदर बायकांना एक बिल्ला दिला. पोटात बाळ आहे, एवढंच त्यावर लिहिलेलं. त्या बिल्ल्याचं मला विशेष वाटतं. सीट त्याने मिळेलच असं नाही, पण मागायची लाज त्याने काढून घेतली. आपल्याकडे गरोदर बाईला आणि कर्करोगाच्या रुग्णाला दिव्यांगांच्या डब्यातून जायची मुभा आहे. किती जणींना माहीत आहे? आणि त्या डब्यात चढल्यावर तिला "तुम्हाला काय झालंय?" असं विचारणारा धडधाकट माणूसच आधी बसलेला सापडतो, ते वेगळंच.

आता मघाशी राखून ठेवलेली धार काढते.

पहिल्या रांगेतल्या मावश्यांनो, तुमच्यातल्या कितीजणी पहाटे डॉकयार्ड रोडला उतरून भाऊच्या धक्क्यावर मासळी घ्यायला गेल्या असतील! परत येताना टोपली घेऊन मालडब्यात. तिथे बाकडी थोडी, उकिडवं बसायचं किंवा टोपलीला टेकून उभं राहायचं. आणि चुकून, गाडी सुटतेय म्हणून, दुसऱ्या डब्यात चढलात तर? कोणी नाकाला पदर लावतं, कोणी रुमाल. "मावशी, तिकडे जा ना." हीच मंडळी रविवारी नेरूळच्या बाजारात तुमच्यापुढे उकिडवी बसून पापलेटचे कल्ले उघडून बघतात. (हशा) ज्या लाइनला गावांच्या जमिनीचा पैसा लागला, त्या लाइनवर गावच्या बाईला बाकडं नाही, आणि शिष्टाचाराच्या गोष्टी तिनेच ऐकायच्या!

जुलै २०२५ मध्ये मध्य रेल्वेने एका लोकलमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळा डबा केला. न्यायालयात मागणी झाली होती, मागणी रास्त होती, बरीच वर्षं चाललेली होती. मला आनंद झाला. मग बघितलं, डबा कुठून काढला? मालडब्यांपैकी एक बदलून. म्हणजे म्हाताऱ्यांना जागा मिळाली ती टोपलीवालीच्या, भाजीवाल्याच्या, डबेवाल्याच्या जागेतून. पहिल्या वर्गातून नाही. आणि टोपलीवाली बाई साठीची असली, तर ती बसणार कुठे? टोपलीसकट ज्येष्ठांच्या डब्यात? की ज्येष्ठ म्हणून इकडे आणि टोपली तिकडे?

मी रेल्वेला एक सुचवते आणि डब्यातल्या बायकांना एक. रेल्वेने मालडबा कमी करण्याआधी तो वापरणाऱ्यांना बोलवावं. इथून जवळच आहेत, पत्ता मी देईन. आणि डब्यातल्या बायांनो, तुमची सांगून ठेवायची रीत मोडू नका, ती चांगली आहे. फक्त उठताना, निळ्या ड्रेसवालीला खूण करण्याआधी, एकदा मोठ्याने विचारा, "कोणाला बरं वाटत नाहीये का? कोणाला बसायची गरज आहे?" कोणी बोललं नाही तर सीट निळ्या ड्रेसवालीची. मागायचं ओझं गरजवंताकडून काढून उठणारीकडे आलं, एवढाच फरक. काही डब्यांत हे मी ऐकलंय, म्हणून सांगते.

आता तुम्ही म्हणाल, असं विचारलं तर दहा हात वर होतील. होऊ देत. दोन दिवस होतील. तिसऱ्या दिवशी डब्यालाच कळेल खरा हात कोणाचा ते, कारण सगळ्या रोजच्याच असतात. निळ्या ड्रेसवाली रागावेल का? पहिल्या दिवशी नक्की रागावेल. तिला सांगायचं, कुर्ल्याला ती मधली उठतेय, तुझं नाव तिथे लावलंय.

प्रश्न विचारायचे असतील तर विचारा, कार्यकर्त्यांनी पंधरा मिनिटं ठेवली आहेत. आणि चौथ्या रांगेतल्यांनी आपापलं चष्म्याचं घर आठवणीने न्यावं.